दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच गुण पडले, आता काय?

पत्र:

नमस्कार. मी सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत टेक लीड आहे. आम्ही दूध संस्थांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. दूध मोजलं, फॅट-एसएनएफ (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) लागलं की दर निघतो, शेतकऱ्याला पावती मिळते आणि दहा दिवसांनी बिल. आज साधारण 400 संस्था आमच्याकडे आहेत, एका संस्थेत सरासरी दीडशे सभासद. दोन वर्षांत 2000 संस्थांपर्यंत जायचं आहे. आम्ही सहा डेव्हलपर. सगळं एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये, एका डेटाबेसवर चालतं. दोन तक्रारी कायम येतात: नेट गेलं की केंद्रावरचं काम थांबतं, आणि बिलाच्या दिवशी सगळंच मंदावतं. नव्याने आलेले सर म्हणतात, याच्या सहा मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या सेवा करू. ज्या सरांनी हे सगळं उभं केलं ते म्हणतात, चालत्या गाडीला हात लावू नका. मला तुलनेचा तक्ता करायला सांगितला आहे. स्केलेबिलिटी (व्याप वाढला तरी पेलण्याची क्षमता), विश्वासार्हता, सुरक्षितता, देखभाल, खर्च, प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज एकाची 37 आली, दुसऱ्याची 38. एका गुणावर एवढा मोठा निर्णय घ्यायचा का? आणि मी काहीही बोलले तरी दोघांपैकी एका सरांना ते लागणार. काय करू?

उत्तर:

तो तक्ता बैठकीत मांडू नका. तुमच्या मेहनतीत काही कमी नाही, त्या पद्धतीतच खोट आहे आणि ती तुम्हाला जाणवली म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. विश्वासार्हतेला दहापैकी आठ म्हणजे नक्की काय? सकाळी साडेसहाला गावातलं नेट गेलं तेव्हाचे आठ, की रात्री दोनला सर्व्हरची डिस्क गेली तेव्हाचे आठ? पहिल्या प्रसंगात तुमच्या आजच्या रचनेला शून्य द्यावं लागेल, दुसऱ्यात कदाचित नऊ. त्यांची सरासरी काढून काहीच कळत नाही. बेरजेने त्याहून मोठं नुकसान होतं. सुरक्षिततेत दोन गुण गेले आणि खर्चात दोन मिळाले की बेरीज तीच राहते, म्हणजे कोणी काय गमावलं ते पुसून जातं. आणि काय गमावून काय मिळवायचं, हाच तर तुमचा प्रश्न आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथे रिक काझमन, मार्क क्लाइन आणि पॉल क्लेमेंट्स यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस आर्किटेक्चर, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना, पारखण्याची एक पद्धत बसवली. तिला थोडक्यात एटॅम म्हणतात. तिचा गाभा असा, की गुणधर्माचं नाव घेऊन वाद घालायचा नाही, प्रसंग लिहायचा. काय घडलं, कोणामुळे घडलं, तेव्हा परिस्थिती कशी होती, व्यवस्थेच्या कुठल्या भागावर ते आलं, तिने काय करायला हवं, आणि ते जमलं की नाही हे कशाने मोजायचं. मग प्रत्येक प्रसंगाला दोन शिक्के मारायचे: धंद्यासाठी किती महत्त्वाचा, आणि साधायला किती अवघड. दोन्हीकडे ‘जास्त’ असलेले प्रसंग तेवढे आधी हातात घ्यायचे. पूर्ण पद्धतीला काही दिवस लागतात, पण सहा जणांच्या कंपनीला अर्धा दिवस पुरेल.

तुमचा पहिला प्रसंग मी असा लिहीन: पावसाळ्यातली सकाळ, साडेसहाची वेळ, गावातलं नेट गेलंय, केंद्रासमोर तीस-चाळीस शेतकरी कॅन घेऊन उभे आहेत आणि टँकर ठरलेल्या वेळी निघणार आहे. अशा वेळी वजन आणि फॅट लागल्यापासून पाच सेकंदांत प्रत्येकाला छापील पावती मिळाली पाहिजे, नेट दोन दिवस आलं नाही तरी.

हे वाक्य दोन्ही सरांसमोर ठेवा आणि विचारा, तुमच्या रचनेत हे कसं घडतं? एक अ‍ॅप्लिकेशन असो की सहा सेवा, दर सर्व्हरवरच निघणार असेल तर दोन्हींत केंद्र बंदच पडतं. म्हणजे तुमच्या सर्वांत मोठ्या तक्रारीचा, दोघे सर ज्यावर भांडताहेत त्या मुद्द्याशी संबंधच नाही. तुमच्यापुढचा खरा निर्णय वेगळा आहे: दर कुठे काढायचा, केंद्रावर की सर्व्हरवर?

इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण खरी ओढाताण इथेच आहे. 2000 साली संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी एक अंदाज मांडला आणि 2002 मध्ये सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी तो सिद्ध केला: जोडणी तुटलेली असताना प्रत्येक ठिकाणी काम चालू ठेवणं आणि सगळीकडे एकच, ताजी माहिती असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकत नाहीत. तुमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे. दूध संघाने 11 तारखेपासून नवं दरपत्रक लावलं आणि एका केंद्राचं नेट 10 तारखेच्या संध्याकाळपासून बंद आहे. केंद्रावर दर काढलात तर 11 तारखेच्या पावत्या जुन्या दराने फाटतील. सर्व्हरसाठी थांबलात तर दर बरोबर येईल, पण दूध कॅनमध्येच राहील.

आता तुमच्या धंद्यातली एक सोय बघा. पावती दिली त्या क्षणी पैसे हलत नाहीत. ते दहा दिवसांनी बिलात हलतात. म्हणजे चुकीचा दर दुरुस्त करायला तुमच्या हातात काही दिवस आहेत. पावतीवर कुठल्या दरपत्रकाने दर काढला त्याचा क्रमांक नोंदवा, नेट आल्यावर सर्व्हरने फरक काढावा आणि तो बिलात ‘दरफरक’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवावा. संकलनाच्या वेळी माहिती थोडी शिळी असली तरी चालेल, पण बिल बंद करताना ती एकसारखी असलीच पाहिजे. ताजेपणाचा आग्रह कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे कुठल्याही तांत्रिक लेखात सापडणार नाही. ते दूध संस्थेच्या व्यवहारातून कळतं. मात्र शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर एक रक्कम आणि बिलात दुसरी, हे चालेल का, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. ते संस्थेच्या सचिवांना आणि संघाच्या लोकांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरा मार्ग निघतो: दरपत्रक लागू व्हायच्या चार दिवस आधीच केंद्रांवर पाठवून ठेवायचं, तारीख आली की ते आपोआप चालू होईल. मग चार दिवसांहून जास्त नेट बंद राहिलेल्या केंद्रांचाच प्रश्न उरतो. हा चार दिवसांचा आकडा नीट जपा. तो कमी-जास्त केला की चुकीच्या पावत्यांची संख्या लगेच हलते. एटॅममध्ये अशा जागेला सेन्सिटिव्हिटी पॉइंट म्हणतात.

केंद्रावर दर काढण्याची किंमतही त्याच कागदावर लिहा, नाहीतर तो निर्णय अर्धाच राहील. केंद्रावरच्या संगणकात आता सभासद, दरपत्रक आणि पावत्या राहणार. सर्व्हरला पोचण्याआधी तो संगणक बंद पडला तर त्या वेळेच्या नोंदी जातील. कोणी फॅटचे आकडे मागाहून फिरवू शकेल. म्हणून एकदा निघालेली पावती बदलता येऊ नये, दुरुस्ती करायची तर जमाखर्चात करतात तशी उलट नोंद टाकूनच व्हावी. नेट आल्यावर तीच पावती दोनदा पाठवली गेली तर पैसे दोनदा जाऊ नयेत, म्हणून पावतीचा कायमचा क्रमांक केंद्रावरच तयार व्हावा आणि सर्व्हरने तो आधी आला आहे का ते तपासावं. आणि ज्याचा हिशोब सुरुवातीला बहुतेक कोणी धरत नाही, ती किंमत म्हणजे उद्या 2000 केंद्रांवर तुमच्या सॉफ्टवेअरच्या चार-पाच वेगवेगळ्या आवृत्त्या चालू असतील. काही केंद्रं महिनोन् महिने अपडेट घेणार नाहीत. सर्व्हरला त्या सगळ्यांची भाषा कळत राहिली पाहिजे. देखभालीचा हा भार दर महिन्याला पडणार आहे. एकाच निर्णयाने उपलब्धता वाढते आणि सुरक्षितता, टिकाऊपणा, देखभाल खाली येते. याला ट्रेडऑफ पॉइंट म्हणतात. तुमच्या तक्त्यात नेमका हाच दिसत नव्हता.

स्केलेबिलिटीबद्दल मात्र थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तिथे भीती मोठी आणि आकडे लहान आहेत. 400 संस्था, दीडशे सभासद म्हणजे सकाळच्या वेळी 60,000 पावत्या. दोन तासांत धरल्या तर सेकंदाला आठ-नऊ. 2000 संस्था झाल्या तर सेकंदाला सुमारे 42, आणि गर्दीच्या क्षणी पाचपट धरलं तरी 210च्या आसपास. पोस्टग्रेस या डेटाबेसचा नीट बसवलेला एक साधा सर्व्हर हे सहज पेलतो. फक्त एक प्रसंग वेगळा लिहा: तालुक्याचं नेट सहा तास बंद होतं आणि एकदम आलं, शंभर केंद्रं एकाच मिनिटात साठलेल्या पावत्या पाठवू लागली. त्यासाठी केंद्रांनी थोड्या थोड्या वेळाने, गठ्ठ्यांमध्ये पाठवावं एवढं पुरे.

बिलाच्या दिवसाचं दुखणं खरं आहे, पण त्याच्यासाठी सहा सेवा लागत नाहीत. हिशोबाचं जड काम आणि सकाळचं संकलन एकाच डेटाबेसवर एकाच वेळी झगडतात, म्हणून सगळं मंदावतं. आधी ते मोजून खात्री करा. मग बिलाचं काम वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काढा, वाचन डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवरून करा. ती प्रत मूळ डेटाबेसच्या काही सेकंद मागे असते, म्हणून बिलाच्या मुदतीतल्या शेवटच्या पावतीपर्यंत प्रत पोचली आहे याची खात्री केल्याशिवाय बिल सुरू होता कामा नये. इथे वेग मिळवताना अचूकतेला धोका आहे आणि तो कसा झाकला, हे लिहून ठेवा.

आता नव्या सरांच्या बाजूने. वेगळ्या सेवांचा खरा फायदा वेगवेगळ्या टीमना एकमेकींसाठी न थांबता आपापला भाग बदलता येतो, हा आहे. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत लोकांचा संवाद जसा चालतो तशीच तिच्या सॉफ्टवेअरची रचना होत जाते. तुम्ही सहा जण एका खोलीत बसता. सहा सेवा केल्यात तर प्रत्येक सेवेला एक माणूस येईल, आणि तो रजेवर गेला की ती सेवा पोरकी. शिवाय हा हिशोब सरांना दाखवा: एका पावतीसाठी सहाही सेवा एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक सेवा 99.9 टक्के वेळ चालू असेल, तर सगळ्या मिळून साधारण 99.4 टक्के. महिन्याला 43 मिनिटांचा खोळंबा सव्वाचार तासांवर जातो. सेवा एकमेकींची वाट न बघता निरोपांच्या रांगेतून काम करतील अशी रचना केली तर हा आकडा सुधारतो, पण मग ती रांग सांभाळण्याचं नवं काम तुमच्या सहा जणांवर येतं. सरांचं म्हणणं उद्या बरोबर ठरू शकतं. कोणत्या दिवशी, ते त्यांनाच लिहायला सांगा.

जुन्या सरांनाही एक गोष्ट सांगावी लागेल. प्राइम व्हिडिओ या व्हिडिओ-सेवेच्या एका टीमने 2023 मध्ये लिहिलं की त्यांनी चित्र-ध्वनीची गुणवत्ता तपासणारी व्यवस्था सुट्या भागांतून काढून एका प्रक्रियेत आणली आणि खर्च 90 टक्क्यांहून जास्त घटला. अनेक बैठकांत हे उदाहरण ‘मोनोलिथच (सगळं एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये) बरा’ याचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. पण त्यांचा खर्च व्हिडिओच्या फ्रेम साठवून इकडून तिकडे नेण्यात आणि टप्प्यांचा समन्वय ठेवण्यात जात होता. तुमच्या पावतीत व्हिडिओ नाही. त्यांचं कारण तुमच्याकडे नसेल तर त्यांचा निष्कर्षही तुमचा नाही. आणि ‘हात लावू नका’ हाही एक निर्णयच आहे, त्यालाही हेच प्रसंग लावून बघायचे. गावोगावी नेट जाण्याच्या प्रसंगात आजची रचना नापास आहे, हे त्यांनी स्वतः म्हटलं तर बैठक अर्धी जिंकलीत.

त्यांना पटवायचं असेल तर एरियान 5 या युरोपीय रॉकेटची हकिकत सांगा. मला आर्किटेक्चरच्या निर्णयांबद्दल याहून जास्त शिकवणारं उदाहरण माहीत नाही. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. सोबत चार क्लस्टर उपग्रह गेले. चौकशी समितीला मूळ सापडलं ते दिशा सांगणाऱ्या संगणकात. ते सॉफ्टवेअर एरियान 4 मधून जसंच्या तसं आणलेलं होतं. त्यात 64 बिटांच्या एका आकड्याचं 16 बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होत होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त असल्यामुळे आकडा मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तो त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता.

यातली निष्काळजी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात विचारपूर्वक ठरवलेली होती. संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा, असं उद्दिष्ट होतं. म्हणून धोका असलेल्या सात आकड्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलं. उरलेले तीन मर्यादेबाहेर जाणारच नाहीत, असा हिशोब होता आणि एरियान 4साठी तो बरोबरच होता. वेगासाठी मजबुतीचा थोडा भाग सोडला, जाणूनबुजून. पण त्यामागचं कारण सोर्स कोडमध्ये नोंदवलेलं नव्हतं, आणि एरियान 5चा उड्डाणमार्ग या भागाच्या गरजांमध्ये धरलाच गेला नाही. भरीस भर म्हणजे जो हिशोब चालू असताना हे घडलं, त्याची नव्या रॉकेटला उड्डाणानंतर गरजच नव्हती. ‘इतकी वर्षं चालतंय’ हे वाक्य ज्या परिस्थितीत चाललं त्या परिस्थितीपुरतंच खरं असतं. तुमच्याकडे 400 संस्थांच्या काळातली अशी कितीतरी गृहीतकं कोडमध्ये बसलेली असतील. ती ज्या एका माणसाला माहीत आहेत ते तुमचे जुने सर आहेत. त्यांना ती सांगायला बसवा, मान देऊन बसवा. या कामात त्यांच्याइतकं मोलाचं कोणी नाही.

गृहीतकं लिहायची कशी? मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी 2011 मध्ये सुचवलेला साधा नमुना वापरा. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक-दोन पानं: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, निर्णयाची सध्याची अवस्था काय, आणि परिणाम काय, चांगले-वाईट दोन्ही. ही पानं कोडच्या शेजारीच ठेवा. वाईट परिणामांची जागा रिकामी दिसली तर ते पान परत पाठवा.

बैठकीला दोन्ही सर, तुमची टीम, सपोर्टचे फोन घेणारी व्यक्ती आणि एखाद्या संस्थेचे सचिव एवढे लोक बोलवा. सचिवांना दुपारचं बोलवा, सकाळ-संध्याकाळ ते संकलनात असतात. पहिला तास फक्त प्रसंग गोळा करायचे, उपाय कोणी सुचवायचा नाही. बदलाचे प्रसंगही मागा, उदाहरणार्थ, नव्या संघाचा दर काढायचा नियम वेगळा आहे, तो आठवड्याभरात, बाकीच्या संस्थांना धक्का न लावता बसला पाहिजे. मग त्यातले सहा-सात निवडायचे आणि प्रत्येक रचनेतून एकेक प्रसंग पायरी-पायरीने चालवून बघायचा. प्रस्ताव कोणाचा, हे फळ्यावर लिहू नका, ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. आपल्याच प्रस्तावाची परीक्षा कोणी घ्यायची नाही. नव्या सरांचा प्रस्ताव जुन्या सरांनी चालवून दाखवावा आणि जुन्यांचा नव्यांनी.

आणि हो, तुम्ही तुमचं मत द्यायचंच. टेक लीडने तक्ता भरून गप्प बसायचं नसतं. पण ते मत प्रसंगांनंतर द्या, म्हणजे ते कोणाच्या बाजूचं राहणार नाही. तुमच्या पत्रावरून माझं मत असं आहे: एकच अ‍ॅप्लिकेशन ठेवा, मात्र आतून संकलन, दर, बिल, सभासद असे भाग स्पष्ट वेगळे करा आणि डेटाबेसमध्ये एका भागाने दुसऱ्याच्या टेबलात (माहितीच्या तक्त्यात) हात घालायचा नाही, हा नियम पाळा. दर केंद्रावर काढा. बिलाचं काम वेगळ्या प्रक्रियेत न्या. याच क्रमाने, कारण पहिल्याशिवाय दुसरं धड होणार नाही आणि दुसऱ्याने सर्वांत मोठी तक्रार मिटेल. आणि निर्णयाच्या पानावर तो पुन्हा उघडण्याच्या अटी आजच लिहा: माणसं सहाची पंधरा झाली आणि दोन टीम पडल्या, किंवा एका भागातला बदल दुसऱ्या भागामुळे सलग दोनदा अडला, किंवा बिलाच्या दिवशी पावतीला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागू लागला. यातली एकही गोष्ट घडली की नव्या सरांचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर आणायचा, आणि तो आणण्याची जबाबदारी कोणाची, तेही नावासकट त्याच पानावर लिहायचं.